‘नस दबलीय’: एका दुखण्याचा इतिहास

शिरूर कासार तालुक्यातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. पुढचे चार-पाच महिने वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. परतल्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: “नस दबलीय, कंबरेपासून पार टाचेपर्यंत चमक जाते.” माझ्या संशोधनाचा विषय हेच दुखणं, सायटिका.

दुखणं जुनंच आहे. चरकसंहितेत त्याला ‘गृध्रसी’ म्हटलंय. कुल्ल्यापासून मांडी, गुडघा, पोटरी ते पाऊल ही वेदनेची वाटही त्यात दिली आहे. उपायांत बस्ती, शिरावेध आणि अग्निकर्म. गावाकडचं ‘डाग देणं’ याच जातीचं.

युरोपात बराच काळ हे खुब्याच्या सांध्याचं दुखणं समजलं जाई. 1764 मध्ये नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी मज्जातंतूतून येणारी वेदना वेगळी काढून दाखवली. ती कशाने होते, हे कळायला 1934 उजाडलं. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवलं, की मणक्यांमधली गादी सरकून मज्जातंतूच्या मुळावर दाब येतो.

मग दाब गेला की दुखणं संपलं? बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत-महिन्यांत कमी होतं, पण काहींचं वर्षानुवर्षं राहतं. इथे इतिहासाला पुढचं वळण मिळालं. 1965 मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं, की मेंदूकडे जाणारी वेदना मज्जारज्जूतच कमी-जास्त होते, जणू तिथे फाटक आहे. 1983 मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी दाखवलं, की इजेनंतर मज्जारज्जू स्वतःच जास्त संवेदनशील होतो. म्हणजे मूळ इजा भरली तरी वेदना खरीच असू शकते.

हे फडात फार महत्त्वाचं आहे. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, मज्जातंतू दिसत नाही. मग रिपोर्ट ‘नॉर्मल’ आणि बाई ‘कामचुकार’. खाडा पडला की पैसे कापले जातात, उचल तर फेडायचीच असते. म्हणून गोळी खाऊन पुन्हा मोळी. साध्या वेदनाशामक गोळ्या मज्जातंतूच्या दुखण्यावर बऱ्याचदा तोकड्या पडतात, आणि रोज खाल्ल्या तर पोट आणि किडनीला त्रास देऊ शकतात.

एक मात्र लक्षात ठेवा: पायातली ताकद गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर डाग नको, मालिश नको. त्याच दिवशी दवाखाना गाठा.