गाडीवरचं भांडण : ‘वास्तव’ आणि गिरणगावची चोपडी

१९९९च्या दिवाळीला महिनाभर असताना महेश मांजरेकरांचा ‘वास्तव’ लागला. पहिल्या आठवड्यातच आमच्या चाळीतली निम्मी माणसं तो बघून आली होती. बाबांनी संपानंतर थिएटरची पायरी चढल्याचं मला आठवत नाही. पण रीमा आहे, शिवाजी साटम आहे, सगळी आपल्यातलीच माणसं आहेत, असं शेजाऱ्यांनी सांगितलं आणि ते माझ्याबरोबर यायला तयार झाले. चित्रपटभर ते काही बोलले नाहीत. परत येताना पुलावर दम खायला थांबले तेव्हा म्हणाले, “गाडीवर ते भांडण झालंच नसतं, तर पोरगा वाचला असता का रे?”

तेव्हा मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. बाबा आता नाहीत. प्रश्न मात्र राहिला, आणि गेली वीस-पंचवीस वर्षं छापखान्यातली नोकरी सांभाळून, रविवारी ग्रंथालयात बसून, जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळून मी गिरणगावाबद्दल जे काही जमवलं, त्याच्या मुळाशी तोच आहे. मी चित्रपटाचा समीक्षक नाही. या लेखात मला एवढंच तपासायचं आहे, की रघू नावाचा चाळीतला मुलगा गुंड का झाला याचं चित्रपटानं दिलेलं उत्तर आणि इतिहासानं दिलेलं उत्तर, ही दोन्ही शेजारी ठेवली तर काय दिसतं.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. रघुनाथ नामदेव शिवलकर (संजय दत्त) आणि त्याचा मित्र देढ फुट्या (संजय नार्वेकर) हे बेकार तरुण पावभाजीची गाडी लावतात. धंदा जरा बसतो न बसतो तोच एक दांडगट गिऱ्हाईक देढ फुट्याला छळतो, मारामारी होते आणि रघूच्या हातून खून होतो. मेलेला माणूस एका गुंडाचा भाऊ निघतो. जीव वाचवायला म्हणून दोघं दुसऱ्या टोळीच्या आश्रयाला जातात, आणि तिथून रघूची चढती कमान सुरू होते. पैसा येतो, गळ्यात पन्नास तोळ्यांची साखळी येते, गृहमंत्री त्याला वापरून घेतो आणि गैरसोयीचा झाल्यावर सोडून देतो. शेवटी भ्रमिष्ट झालेल्या रघूला आईच गोळी घालते.

याच्या वर्षभर आधी, जुलै १९९८मध्ये, ‘सत्या’ आला होता. त्यातला नायक बाहेरून मुंबईत येतो. तो कुणाचा, कुठला, हे आपल्याला कळत नाही. १९८९च्या ‘परिंदा’तली माणसं अनाथपणातून वर आलेली. रघूचं तसं नाही. त्याला आई आहे, बाप आहे, शिकलेला भाऊ आहे, सामायिक गॅलरी आहे. हिंदी चित्रपटातल्या गुंडाला इतका नेमका मराठी पत्ता क्वचितच मिळाला असेल. चाळीतल्या बायका पदर तोंडाला लावून रडल्या, त्या रघूच्या पराक्रमासाठी नव्हे. तो मुलगा कुठल्या खोलीतून बाहेर पडला हे त्यांना दिसत होतं म्हणून.

पण याच चित्रपटात सगळा दोष एका क्षणावर येतो. ते गिऱ्हाईक त्या रात्री आलं नसतं, तर रघू पावभाजीच विकत राहिला असता. बाबांचा प्रश्न नेमका इथे होता.

याच्या उलट बाजूला आमच्याकडे एक तयार उत्तर आहे. ‘संप झाला, गिरण्या बुडाल्या, पोरं गुंड झाली.’ भाषणांत, लेखांत, चहाच्या टपरीवर हे वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे, की मीही ते बरीच वर्षं खरं मानत होतो. मग एकदा तारखा लावत बसलो. मन्या सुर्वे वडाळ्याला आंबेडकर कॉलेजजवळ पोलिसांच्या गोळ्यांनी मेला तो ११ जानेवारी १९८२ रोजी. मुंबईतली ही पहिली चकमक मानली जाते. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ला. म्हणजे एक आठवडा नंतर. मन्या दादरच्या कीर्ती कॉलेजात शिकलेला होता, आणि त्याची गुन्हेगारी साठीच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली होती. भायखळ्याच्या रामा नाईक, बाबू रेशीम यांच्या टोळीचा जमही संपाच्या आधीच बसला होता. हातभट्टी, मटका, गोदीतला माल, यांवर पोसलेल्या टोळ्या गिरण्यांचे भोंगे चालू असतानाच उभ्या राहिल्या होत्या.

तेव्हा संपानं गुंड जन्माला घातले असं म्हणता येत नाही. मग संपानं काय केलं?

हे समजायला ‘बदली’ समजून घ्यावी लागते. गिरणीत मुलगा एकदम कायम होत नसे. बापाच्या, काकाच्या किंवा जॉबरच्या ओळखीनं तो बदली कामगार म्हणून लागे. रोज पाळीच्या वेळी दारावर जाऊन उभं राहायचं. कायम कामगार आला नाही तर काम, नाहीतर घरी परत. अशी कित्येक वर्षं जात. बदलीवाल्यांचे हाल मोठे होते, आणि संपाच्या मागण्यांत त्यांना कायम करण्याची मागणीही होती. पण इतिहासकार म्हणून मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. अठरा वर्षांच्या मुलाला सकाळी उठून कुठंतरी जायचं असे. काम न मिळालं तरी दारावर त्याला ओळखणारी चार वडीलधारी माणसं असत. कुणाचा मुलगा कुणाबरोबर हिंडतो हे त्यांना ठाऊक असे, आणि संध्याकाळी ते त्याच्या बापाला कळे.

सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले. संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. तो विरत गेला. बरेच कामगार परत घेतले गेले नाहीत, काही गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या शंभरेक माणसांच्या आठवणी नोंदवून २००४मध्ये पुस्तक केलं. ते वाचताना कळतं, की पगारापाठोपाठ खानावळी, मंडळं, व्यायामशाळा, भजनी मेळे, युनियनच्या बैठका हे सगळं हळूहळू सैल झालं. टोळ्या आधीही होत्या. त्यांच्या आणि पोराच्या मध्ये उभं राहणारं जे होतं, ते गेलं.

आणि त्याच सुमारास टोळ्यांना पोरांची गरज वाढली. ‘वास्तव’मध्ये गृहमंत्री दिसतो आणि तो भाग खराच आहे. पण माझ्या मते एक पान गळलं आहे. ते जमिनीचं. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमानं गिरण्यांच्या जमिनी विकायला आणि विकसित करायला वाट करून दिली. शहराच्या मध्यावर शेकडो एकर जमीन, तिच्यावर उभी बंद शेड, आणि गेटबाहेर देणं थकलेले कामगार. १९९४च्या मे महिन्यात खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीजवळ भर दिवसा गाडीत गोळ्या घातल्या गेल्या. १६ जानेवारी १९९७ रोजी खुद्द दत्ता सामंतांचा पवईत घराजवळ खून झाला. मालकही गेला, पुढारीही गेला. ट्रिगर ओढणारे हात मात्र तिशीच्या आतबाहेरचे, सहज बदलता येण्याजोगे. एक मेला की दुसरा. मला तर ती बदलीचीच पद्धत वाटते, फक्त गेट वेगळं.

इथं मला ‘मदर इंडिया’ आठवतो. ‘वास्तव’चा शेवट पाहताना तो कुणाला आठवला नसेल असं होणार नाही. १९५७मध्ये नर्गिसनं पडद्यावर आपल्या मुलाला, बिरजूला, गोळी घातली. बिरजू होते सुनील दत्त. बेचाळीस वर्षांनी त्या दोघांचा खराखुरा मुलगा पडद्यावरच्या आईच्या गोळीनं मरतो. या योगायोगावर पुष्कळ लिहिलं गेलं. मला दोन्ही चित्रपटांतला एक फरक जास्त मोलाचा वाटतो. बिरजू डाकू का झाला हे ‘मदर इंडिया’त कागदावर लिहिलेलं आहे. सुखीलाला सावकाराची चोपडी. कर्ज किती, व्याज किती, हे त्या अडाणी कुटुंबाला वाचता येत नाही, पण प्रेक्षकाला ती चोपडी पुन्हा पुन्हा दिसते. ‘वास्तव’मध्ये आई आहे, मुलगा आहे, बंदूक आहे. चोपडी नाही. तिच्या जागी गाडीवरचं भांडण आहे.

हे सांगताना मांजरेकरांवर अन्याय नको. ‘वास्तव’च्या दोन वर्षं आधी, १९९७मध्ये, जयंत पवारांचं ‘अधांतर’ रंगभूमीवर आलं होतं. त्यात संपानंतरचं एकच गिरणी कामगार कुटुंब आहे, आणि तीन मुलगे. एक लेखक होऊ पाहणारा, एक क्रिकेटच्या नादात अडकलेला, एक टोळीच्या वाटेला लागलेला. खोली एक, आई एक, संप एक, आणि तिघांच्या वाटा तीन. गरिबीतून गुंड होतो, हे सोपं समीकरण पवारांनी त्या एका खोलीतच मोडलं. आणि पुढे २०१०मध्ये याच नाटकावरून ‘लालबाग परळ’ केला तो मांजरेकरांनीच. ज्यानं चोपडीशिवाय गोष्ट सांगितली होती, तोच अकरा वर्षांनी चोपडी उघडायला परत आला. मला याचं कौतुक वाटतं.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो, आणि त्यासाठी मला आमच्या मजल्यावर जावं लागेल.

माझ्या आगेमागे वयाची आम्ही चौदा मुलं त्या मजल्यावर होतो. बहुतेकांचे बाप संपात. कुणी कुरिअर कंपनीत लागलं, कुणी वडापावची गाडी लावली, दोघं रिक्षा चालवायला डोंबिवलीला गेले, एक गावी जाऊन आंब्याचा धंदा करतो. टोळीत गेला तो एक. तो माझा मित्र होता. त्याच्या आयुष्यात गाडीवरचं भांडण झालं नाही, खून तर नाहीच. सुरुवातीला त्याला फक्त निरोप पोचवायचं काम होतं. दुकानात जायचं, अमक्यानं आठवण केली आहे एवढं म्हणायचं, आणि परत यायचं. हातात पैसे पडत. मग हे रोजचं झालं, मग मोटरसायकल आली. १९९५च्या पावसाळ्यात दोन टोळ्यांच्या वैरात तो मारला गेला.

हे मी आजवर लिहिलं नव्हतं, पण संशोधन म्हणून काही मांडायचं तर आपली बाजू झाकून चालणार नाही. १९८८मध्ये एकदा त्याला ताप होता, तेव्हा तो निरोप मी पोचवला होता. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. तो मला लहानपणापासून ओळखत होता. तो काही बोलला नाही. गल्ल्यातून पैसे काढून त्यानं माझ्या हातावर ठेवले. मी घाबरलो होतो असं लिहायला बरं वाटेल, पण खरं हे की मला छान वाटलं होतं. त्या संध्याकाळी मी घरी बटाटेवडे घेऊन आलो. बाबांनी पैसे कुठून आले ते विचारलं. मी खोटं बोललो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण त्याच आठवड्यात ते मावशीच्या यजमानांकडे गेले आणि त्यांच्या ओळखीनं मला छापखान्यात चिकटवलं. पगार थोडा, पण सकाळी आठला हजेरी. तिथं जुळाऱ्यांच्या शेजारी बसून मी वाचायला शिकलो, म्हणजे खऱ्या अर्थानं वाचायला.

बाबांना माझं खोटं कळलं होतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पुलावर त्यांनी प्रश्न विचारला तेव्हा त्यांच्या मनात रघू होता, माझा मित्र होता, की मी होतो?

माझं उत्तर आता असं आहे. बाबा, भांडण झालं नसतं तर रघू कदाचित वाचला असता. पण भांडणामुळे नाही तर दुसऱ्या कशानं, कुणीतरी एक गेलाच असता, कारण माणसं लागणार होती. तो कोण, हे मात्र संपानं ठरवलं नव्हतं. ते खोलीखोलीत ठरत होतं. कुणाच्या ओळखीत छापखाना होता आणि कुणाच्या नव्हता, यावर. माझ्या मित्राच्या वडिलांनीही दारोदार शब्द टाकला होता. त्यांना कुणी मिळालं नाही. ते माझ्या वडिलांपेक्षा कमी चांगले बाप नव्हते.

‘वास्तव’ची गोष्ट सुरू होते ती रघूच्या वर्षश्राद्धाला, समुद्रकिनारी. आजी नातवाला त्याच्या बापाची हकिगत सांगते. माझ्या मित्राची आई अजून आहे, आता लेकीकडे असते. ‘वास्तव’ तिनं पाहिला नाही. चाळीतल्या बायकांनी तिला त्यातली गाणी सांगितली, रीमाचं काम सांगितलं, साखळीचा प्रसंगही सांगितला. शेवट कुणी सांगितला नाही.