लैंगिक कल : उपजत की संस्कारजन्य?

माणसाची शारीरिक आणि भावनिक ओढ कोणाकडे असते, त्यावरून त्याचा लैंगिक कल ओळखला जातो. ही ओढ भिन्नलिंगी व्यक्तीकडे, समलिंगी व्यक्तीकडे, दोघांकडे असू शकते किंवा कोणाकडेच नसूही शकते. माणूस हा कल जन्मतः घेऊन येतो की घर, संगत आणि अनुभव यांतून तो घडतो, हा वाद आधुनिक विज्ञानात सुमारे दीडशे वर्षे चालू आहे. वादाचा रोख मात्र जवळजवळ नेहमीच समलिंगी व्यक्तींवर राहिला. बहुसंख्य माणसांना भिन्नलिंगी ओढ का वाटते, हाही तितकाच न सुटलेला प्रश्न आहे, असे सिग्मंड फ्रॉइडने १९१५ साली एका तळटीपेत नोंदवले होते. ती तळटीप फारशी कोणी मनावर घेतली नाही. आज उपलब्ध असलेला पुरावा जैविक आणि बव्हंशी जन्मापूर्वीच्या कारणांकडे झुकतो. आईवडिलांच्या वागण्याने किंवा संगतीने कल ठरतो, या समजुतीला त्यात आधार मिळत नाही.

या वादात तीन गोष्टींची सतत सरमिसळ होते. पहिली, ‘उपजत’ आणि ‘आनुवंशिक’ यांची. गर्भाशयातली संप्रेरके किंवा आईच्या शरीरातली प्रतिपिंडे जनुकांतून आलेली नसतात; काटेकोर अर्थाने ती परिस्थितीच, पण जन्मापूर्वीची. दुसरी, ‘घडलेला’ आणि ‘निवडलेला’ यांची. मातृभाषा कोणी पोटातून शिकून येत नाही, तरी ती कोणी निवडलेली नसते आणि ठरवून विसरताही येत नाही. तिसरी सरमिसळ ओढ, वर्तन आणि ओळख यांची. तुरुंगातले किंवा वसतिगृहातले संबंध परिस्थितीने घडतात, पण त्यामुळे ओढ बदलतेच असे नाही. उलट चारचौघांसारखे लग्न करून आयुष्य काढलेल्या माणसाचा कल त्याच्या वर्तनात कधी दिसतच नाही.

कारणांचा शोध जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आसेक्य, कुंभीक अशा पुरुषप्रकारांची चर्चा येते आणि आसेक्याचे कारण आईवडिलांच्या बीजाच्या अल्पतेत सांगितले आहे. म्हणजे कारण गर्भधारणेच्या क्षणी शोधले गेले, वाढवण्यात नव्हे. हे वर्गीकरण आजच्या ‘समलिंगी’ या कल्पनेशी तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे प्राचीनांना सगळे आधीच ठाऊक होते अशी फुशारकी त्यावरून मारण्यात अर्थ नाही.

आधुनिक वादाची सुरुवात जर्मनीत झाली. हॅनोव्हरचा कायदेपंडित कार्ल हाइन्रिख उलरिख्स याने १८६४ पासून लिहिलेल्या पुस्तिकांत, काही पुरुष स्त्रीचा आत्मा घेऊन जन्मतात, असा सिद्धांत मांडला. जे निसर्गाने दिले त्याला शिक्षा कशी करता येईल, हा त्याचा सवाल होता. १८६७ मध्ये म्युनिकच्या कायदेतज्ज्ञ परिषदेत त्याने तो उभा राहून विचारला, तेव्हा आरडाओरडा करून त्याला खाली बसवण्यात आले. त्याच काळात पत्रकार कार्ल मारिया केर्टबेनी याने मात्र, उपजतपणा सिद्ध करण्याच्या भरीस पडू नका, असा इशारा दिला. ते दुधारी शस्त्र आहे. प्रौढांच्या खासगी जीवनात शासनाने नाक खुपसू नये एवढेच म्हणा, असा त्याचा आग्रह होता. प्रशियाच्या दंडविधानाविरुद्धच्या १८६९ च्या पत्रकांत ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द छापणारा हाच लेखक.

केर्टबेनीची भीती पुढे खरी ठरली. बर्लिनचा डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड याने १८९७ मध्ये पुरुषांमधील समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे दंडविधानाचे १७५ वे कलम रद्द व्हावे म्हणून समिती स्थापन केली. तिचा पाया उपजत कलाचा होता. जे उपजत ते शरीरात कोठेतरी सापडणार, आणि सापडले की दुरुस्तही करता येणार, हा विचार फार दूर नव्हता. व्हिएन्नाचा शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑयगेन श्टाइनाख याच्या प्रयोगांच्या आधारे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास समलिंगी पुरुषांवर भिन्नलिंगी पुरुषांच्या वृषणाच्या ऊतीचे रोपण करण्यात आले. कल बदलला नाही. हिर्शफेल्डची बर्लिनमधली लैंगिक संशोधनाची संस्था १९३३ च्या मे महिन्यात नाझींनी लुटली व ग्रंथालय जाळले, आणि १९४४ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत डॅनिश डॉक्टर कार्ल व्हेर्नेट समलिंगी कैद्यांच्या शरीरात संप्रेरकांच्या गोळ्या शिवत होता.

मुंबईतही हा प्रश्न एकदा न्यायालयापुढे आला. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या प्रश्नांना सडेतोड उत्तरे दिली जात. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयीच्या अशा उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक प्रश्नांवर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. त्यासाठी त्यांनी इंग्रज लैंगिक संशोधक हॅवलॉक एलिस याच्या संशोधनाचा हवाला दिला. समलिंगी ओढ काही माणसांत मूळचीच असते, असे एलिसचे प्रतिपादन होते. खटला कर्वे हरले.

विसाव्या शतकाच्या मध्यावर पारडे संगोपनाकडे झुकले. फ्रॉइडने १९३५ मध्ये एका अमेरिकन आईला पत्र लिहून समलैंगिकता हा आजार नाही असे कळवले होते, पण त्याच्या अमेरिकन अनुयायांनी वेगळीच वाट धरली. अर्व्हिंग बीबर व सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये मनोविश्लेषणासाठी आलेल्या १०६ समलिंगी पुरुषांच्या आधारे निष्कर्ष काढला, की मुलाला पदराखाली घेणारी आई आणि दुरावलेला बाप यांतून समलैंगिकता उद्भवते. उपचाराला आलेल्या माणसांवरून साऱ्यांविषयी बोलणे ही यातली उघड चूक होती. मानसशास्त्रज्ञ इव्हलिन हुकर हिने १९५७ मध्येच, उपचार घेत नसलेल्या ३० समलिंगी व ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्या नावे झाकून तज्ज्ञांना दिल्या होत्या. कोणती कोणाची हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. १९८१ मध्ये बेल, वाइनबर्ग व हॅमरस्मिथ यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या सुमारे दीड हजार माणसांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात आईबापांच्या वागण्याचा परिणाम नगण्य ठरला. बापलेकांतला दुरावा काही घरांत खरोखर होता. पण मुलगा मुलींसारखा खेळतो म्हणून बापच मागे सरला, असे त्याचे उलटे स्पष्टीकरणही तितकेच शक्य होते.

जुळ्यांच्या अभ्यासांनी वादाला आकडे दिले. बेली व पिलार्ड यांच्या १९९१ च्या पाहणीत समलिंगी पुरुषाचे एकबीज जुळे भाऊ ५२ टक्के, द्विबीज २२ टक्के, तर दत्तक भाऊ ११ टक्के वेळा समलिंगी किंवा उभयलिंगी कलाचे निघाले. ही माणसे जाहिरातींतून गोळा केलेली होती. ज्याचा जुळा भाऊही समलिंगी आहे असा माणूस अशा जाहिरातीला उत्तर देण्याची शक्यता अधिक असते. नोंदणीपटावरून निवडलेल्या ऑस्ट्रेलियन जुळ्यांत पुढे हे प्रमाण बरेच घसरले. स्वीडनच्या २०१० च्या मोठ्या अभ्यासात जनुकांचा वाटा पुरुषांत ३४ ते ३९ टक्के आणि स्त्रियांत १८-१९ टक्के निघाला. पुरुषांच्या बाबतीत एका घरात वाढण्याचा वाटा जवळजवळ शून्य होता. उरलेला मोठा भाग ज्या ‘व्यक्तिगत परिस्थिती’त मोडतो तीत गर्भातले योगायोग, वाढीतले अपघात आणि मोजमापातल्या चुकाही येतात, हे वर्तमानपत्री बातम्यांत सहसा सांगितले जात नाही.

१९९१ मध्येच सायमन लव्हे याने ४१ मृत व्यक्तींच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. अधश्चेतकाच्या पुढच्या भागातला पेशींचा एक बारीक पुंजका भिन्नलिंगी पुरुषांत समलिंगी पुरुषांच्या सुमारे दुप्पट भरला. १९ समलिंगी पुरुष होते आणि सगळे एड्सने मरण पावलेले. त्यामुळे फरक आजाराचा की कलाचा, ही शंका लगेच निघाली. भिन्नलिंगी गटातल्या एड्सच्या रुग्णांत मात्र पुंजका लहान नव्हता. तो जन्मतः वेगळा होता की आयुष्यभरात वेगळा झाला, हे मेलेल्या मेंदूवरून ठरवता येत नाही, आणि लव्हेनेही तसा दावा केला नव्हता.

१९९३ मध्ये डीन हेमरने समलिंगी भावांच्या ४० जोड्यांपैकी ३३ जोड्यांत क्ष गुणसूत्राच्या टोकाचा एक पट्टा सामाईक असल्याचे दाखवले. पत्रकारांनी ‘गे जीन’ सापडल्याची आवई उठवली. १९९९ च्या कॅनेडियन अभ्यासात तो निष्कर्ष टिकला नाही. २०१९ मध्ये आंद्रेया गन्ना व सहकाऱ्यांनी सुमारे ४,७७,००० माणसांचे जनुकीय नमुने पडताळले. पाच ठिकाणे हाती लागली, प्रत्येकाचा परिणाम अत्यल्प. सर्व सामान्य जनुकीय भेद एकत्र धरले तरी समाजात दिसणाऱ्या फरकाचा ८ ते २५ टक्के भागच उलगडला, आणि एखाद्या व्यक्तीचा कल त्यावरून वर्तवता येत नाही असे संशोधकांनी बजावले. तरीही काही आठवड्यांतच तसे ‘माप’ सांगणारे ॲप विक्रीला आले. शास्त्रज्ञांच्या निषेधानंतर ते काढून घेण्यात आले. या अभ्यासाला दोन मर्यादा होत्या. ‘एकदा तरी समलिंगी संबंध आला का’ हाच प्रश्न त्यात मुख्यतः मोजला होता, आणि नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे होते.

आजवरचा सर्वांत पक्का धागा मोठ्या भावांचा आहे. ब्लँचर्ड व बोगार्ट यांनी १९९६ मध्ये दाखवले, की प्रत्येक मोठ्या भावामागे धाकट्याच्या समलिंगी असण्याची शक्यता सुमारे एक-तृतीयांशाने वाढते. म्हणजे मूळ प्रमाण २ टक्के धरले, तर एक थोरला भाऊ असताना २.६ आणि दोन असताना सुमारे ३.५ टक्के, घाबरून जावे असे काही नाही. थोरल्या बहिणींचा असा परिणाम त्यांना दिसला नाही. थोरल्या भावांच्या संगतीचा हा प्रताप असेल, असे म्हणायला वाव होता. २००६ मध्ये बोगार्टने सावत्र व दत्तक भावांशी तुलना केली : परिणाम फक्त एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या भावांचा निघाला, मग ते वेगळ्या घरी वाढलेले का असेनात. मुलग्याच्या गर्भातली काही प्रथिने आईच्या शरीराला परकी वाटतात आणि तिच्यात प्रतिपिंडे तयार होतात, हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. २०१८ मध्ये अशा एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे समलिंगी मुलांच्या आयांत अधिक आढळली.

संगोपनाच्या बाजूची कसोटी पापुआ न्यू गिनीतल्या सांबिया जमातीत मिळते. मानववंशशास्त्रज्ञ गिल्बर्ट हर्ट याने वर्णन केलेल्या त्यांच्या दीक्षाविधींत मुलगे कित्येक वर्षे सक्तीने समलिंगी संबंधांतून जात, आणि तरी मोठेपणी बहुतेक जण बायकांशी संसार करत. उलट बाजूने, जन्मजात विकृतीमुळे शिश्न नसलेल्या काही मुलग्यांना शस्त्रक्रिया करून मुली म्हणून वाढवण्यात आले; मोठेपणी त्यांची ओढ स्त्रियांकडेच असल्याचे आढळले. अशी उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण संस्कार सर्वशक्तिमान मानणाऱ्यांना उत्तर द्यायला जड जाणारी.

स्त्रियांविषयी संशोधन कमी झाले आहे आणि चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. गर्भावस्थेत पुरुषी संप्रेरकांचा मारा झालेल्या स्त्रियांत स्त्रियांविषयीची ओढ अधिक आढळते, तरी त्यांतल्याही बहुसंख्य भिन्नलिंगी असतात. लिसा डायमंड हिने काही स्त्रियांचा दहा वर्षे मागोवा घेऊन दाखवले, की अनेकींनी स्वतःच्या कलाला दिलेले नाव या काळात बदलले. कल आपोआप सरकू शकतो आणि कल दुसऱ्याने बदलता येतो, ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्याला पुरावा आहे, दुसऱ्याला नाही.

समाजशास्त्रज्ञ मेरी मॅकिंटॉश (१९६८) आणि तत्त्वज्ञ मिशेल फुको (१९७६) यांनी प्रश्नच वेगळा केला : ‘समलिंगी’ नावाची माणसांची जात मानणे हीच अलीकडच्या युरोपातली घडामोड आहे. हा मुद्दा ओळखीला लागू पडतो. ओढ कोठून येते, यावर तो काही सांगत नाही.

भारतात हा वाद पोथीपेक्षा घरात जास्त रंगतो. ‘वाईट संगतीला लागला’, ‘लाडाने बिघडला’, ‘लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल’ ही संगोपनवादाचीच घरगुती रूपे, आणि त्यांची किंमत मुलाइतकीच लग्न लावून दिलेल्या मुलीलाही मोजावी लागते. नवतेजसिंग जोहर खटल्यात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या खासगी संबंधांपुरते भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ रद्द ठरवले. सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या निकालपत्रात कल नैसर्गिक व उपजत असल्याची भूमिका आहे. सोबत खासगीपणा, प्रतिष्ठा आणि समता यांचे अधिकारही आहेत, आणि निकाल उभा राहण्यास हे अधिकार पुरेसे होते. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कल ‘बदलून देण्याच्या’ उपचारांवर बंदी घालण्याचे निर्देश दिले. त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.