शेंडेनक्षत्राची तसबीर

मंडळी, गावाकडे आपण ज्याला शेंडेनक्षत्र म्हणतो, त्या धूमकेतूची तसबीर काढायची तर अडचण कोणती? तो अंधूक असतो, हे आहेच. पण शिवाय तो एके जागी ठरत नाही. पृथ्वी फिरते म्हणून सारे आकाश सरकते, आणि त्यात हा पाहुणा ताऱ्यांमधून आपली निराळीच वाट चालतो.

इंग्लंडात विल्यम अशरवुड या चित्रकाराने १८५८ साली डोनाटीचा धूमकेतू सात सेकंदांत टिपला. धूमकेतूचे हे पहिले छायाचित्र. पण खरी गंमत पुढेच आहे.

१८८२ च्या सप्टेंबरात एक धूमकेतू इतका तेजाळला की दिवसाढवळ्या सूर्याशेजारी दिसला. दक्षिण आफ्रिकेतील केपच्या वेधशाळेचे प्रमुख होते डेव्हिड गिल. मूळचे हे ॲबर्डीनचे घड्याळवाले! त्यांनी जवळच्या एका छायाचित्रकाराला बोलावले आणि त्याचा कॅमेरा दुर्बिणीला बांधला. दुर्बिणीला डोळा लावून धूमकेतू जागचा हलू द्यायचा नाही, आणि तोवर काच उघडी ठेवायची. कधी अर्धा तास, कधी तब्बल २ तास २० मिनिटे. आपल्या डोळ्याला प्रकाश साठवता येत नाही, काचेला येतो. गळक्या छपराखाली ठेवलेले पातेले पाहा, थेंबाथेंबाने सकाळपर्यंत भरते, तसेच हे.

काच धुतली, तो शेपटीच्या मागे तारेच तारे! गिलसाहेब धूमकेतू बाजूला ठेवून त्या ताऱ्यांकडेच पाहत राहिले असतील, असे मला वाटते. कारण साऱ्या दक्षिण आकाशाची नोंद अशीच काचेवर का करू नये, हा विचार त्यांना तेथेच सुचला. १८८५ पासून काचा घेतल्या गेल्या. हॉलंडात काप्टाइन यांनी वर्षानुवर्षे बसून त्या मोजल्या. १९०० पर्यंत यादी छापून पुरी झाली, तीत तारे ४,५४,८७५.

आता काच गेली. हल्ली एकच लांब छायाचित्र घेण्याऐवजी छोटी छोटी शंभर घेतात, आणि संगणक ती एकावर एक रचून सरासरी काढतो. खरा प्रकाश प्रत्येकात त्याच जागी असतो. कॅमेऱ्याचे खोटे दाणे मात्र दर वेळी निराळे पडतात, म्हणून ते विरतात. १६ चित्रे रचली की दाणे चौथाईवर येतात.

पण जुने भांडण मिटलेले नाही. तारे जुळवले तर धूमकेतू फरफटतो, धूमकेतू जुळवला तर ताऱ्यांच्या रेघा होतात. मग दोन्ही थर वेगळे रचून शेवटी एकत्र बसवतात. चित्र देखणे होते खरे, पण असे आकाश एका क्षणी कोणी पाहिलेले नसते. गुरुजी, वर्गात असे चित्र दाखवाल तेव्हा मुलांना हेही सांगा.

२०२० च्या जुलैत निओवाइज धूमकेतू आला. जगभर हौशी लोकांनी तो असाच रचून काढला. आपल्याकडे तेव्हा ऐन पावसाळा होता.