अर्बुदातील रक्तवाहिनीनिर्मिती व तिचे जनुकीय नियमन

शरीरातील विद्यमान केशवाहिन्यांना नवे फाटे फुटून ते अर्बुदाच्या (गाठीच्या) ऊतकात शिरण्याची, आणि त्यांनी आणलेल्या रक्तावर अर्बुद पोसले जाण्याची प्रक्रिया. गर्भाची वाढ, जखम भरून येणे व स्त्रियांचे ऋतुचक्र यांत हीच निर्मिती गरजेपुरती होते आणि कार्यभाग उरकताच थांबते. कारण तिला चालना देणारी व तिला आवर घालणारी जनुके निरोगी शरीरात एकमेकांना तोलून धरतात. अर्बुद यासाठी नवे जनुक निर्माण करीत नाही. आहे त्याच जनुकांवरील अंमल ते बिघडवते.

रक्तवाहिनीतून पाझरणारा ऑक्सिजन सुमारे ०·१ ते ०·२ मिमी. अंतरापलीकडे पोहोचत नसल्यामुळे, स्वतःच्या वाहिन्या नसलेले अर्बुद बहुधा १–२ मिमी. आकारावरच खुंटते. अर्बुदाची वाढ नव्या वाहिन्यांवर अवलंबून असते, सबब त्यांची निर्मिती रोखणे हाही उपचाराचा एक मार्ग ठरेल, असे प्रतिपादन अमेरिकन शल्यविशारद जूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये केले.

वाहिनीनिर्मितीच्या जनुकीय नियमनाच्या केंद्रस्थानी एचआयएफ हे प्रथिन आहे. ऑक्सिजन पुरेसा असताना त्याच्या आल्फा घटकावर विशिष्ट रासायनिक खूण उमटते, ती खूण व्हीएचएल हे प्रथिन ओळखते आणि तो घटक काही मिनिटांतच नष्ट केला जातो. ऑक्सिजन घटला की ही खूण उमटत नाही. मग तो घटक साठून कोशिकेच्या केंद्रकात जातो व सहाव्या गुणसूत्रावरील व्हीईजीएफ जनुक कार्यान्वित करतो. त्या जनुकापासून बनलेले प्रथिन जवळच्या केशवाहिनीच्या अस्तरकोशिकांना जाऊन भिडते. या कोशिका आपल्याभोवतीचे आधारपटल विरघळवून ऑक्सिजनाची टंचाई असलेल्या भागाकडे सरकतात, विभागतात आणि नवी नलिका तयार होते.

व्हीएचएल जनुकाचा आनुवंशिक विकार हा या यंत्रणेचा सर्वांत बोलका दाखला होय. तिसऱ्या गुणसूत्रावरील या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झालेल्या कोशिकेत, ऑक्सिजन मुबलक असूनही एचआयएफ नष्ट होत नाही. परिणामी मूत्रपिंड, दृष्टिपटल व अनुमस्तिष्क यांत रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली अर्बुदे उद्भवतात. आवर घालणाऱ्या बाजूस पी५३ जनुकाचे महत्त्व मोठे आहे. त्यात बिघाड झाल्यास थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ या वाहिनीरोधक प्रथिनाचे उत्पादन घटू शकते. ऑक्सिजनाची पातळी कोशिकांना कशी उमगते याच्या शोधाबद्दल ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ व विल्यम केलिन यांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अर्बुदातील नव्या वाहिन्या वेड्यावाकड्या व गळक्या असतात. म्हणून त्यांचे जाळे दाट असूनही ऑक्सिजनाची टंचाई हटत नाही, औषध सर्वत्र समप्रमाणात पोहोचत नाही, आणि कर्करोगाच्या कोशिकांना रक्तप्रवाहात शिरण्यास वाट मात्र मिळते.

व्हीईजीएफला निष्प्रभ करणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या औषधास अमेरिकेत २००४ मध्ये, पसरलेल्या बृहदांत्र-कर्करोगावर अन्य औषधांच्या जोडीने वापरण्यास मंजुरी मिळाली. एचआयएफच्याच एचआयएफ-२ या प्रकारावर रोख धरणारे बेल्झुटिफान २०२१ मध्ये व्हीएचएल विकाराच्या काही अर्बुदांसाठी मंजूर झाले. एक मार्ग अडविला असता अर्बुद वाहिनीनिर्मितीचे अन्य संकेत वापरू लागते. त्यामुळे ही औषधे पुष्कळ रुग्णांत वाढ काही काळ रोखतात, परंतु बहुधा एकटीने रोग निर्मूल करीत नाहीत.