गमबूट साहेबाचा नव्हे, शेतकऱ्याचा



मागच्या रब्बीत माझा चुलतभाऊ रात्री दोनच्या लाईटीला गव्हाला दारं धरायला गेला. पायात स्लीपर. बांधावरच्या गवतात घोणस होती. अकरा दिवस दवाखान्यात काढले, पाय वाचला. माझे गमबूट तेव्हा शेडमध्ये खिळ्याला टांगलेले होते. मी ते घातले की हाच भाऊ हसायचा, "काय साहेब, शिकारीला निघाला का?" म्हणून मीही घालायचे सोडले होते.

ते "शिकारीला" डोक्यात राहिलं. मग शिकाऱ्याचे कपडे आले कुठून, हे वाचत बसलो.

विलायतेत आणि अमेरिकेत तितर, लाव्हा, फेझंट असल्या माळरानातल्या पक्ष्यांची शिकार चालत करतात. कुत्रा पुढं, माणूस मागं, दिवसभर पायपीट. पाणथळीतल्या बदकासारखं एका जागी बसणं नाही. म्हणजे त्याच्या अडचणी आपल्याच: दव, काटे, कुसळं, ढेकळं आणि ऊन. (आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि तितर वाळवी-किडे खातो, तो रानात राहिलेलाच बरा. मी फक्त कपड्यांचं बोलतोय.)

आधी खाकी. हा शब्दच फारसी, खाक म्हणजे धूळ. १८४६ साली हॅरी लम्सडेननं पेशावरकडं गाइड्स पलटण उभी केली आणि तिला मातकट रंगाचे कपडे दिले. तिथून खाकी जगभर फौजेत गेली, शिकाऱ्याच्या अंगावर गेली. रंग इकडच्या मातीचा, नाव झालं साहेबाचं.

दुसरं मेणकापड. दवात भिजलेल्या गवतातून चालताना कापड ओलं होऊ नये म्हणून शिकारी मेण मुरवलेल्या जाड सुती कापडाचं जाकीट घालतात. ही युक्ती दर्यावर्दी लोकांची. ते शिडाच्या कापडाला तेल चोपडायचे, आपल्या विदर्भात होतं तेच जवसाचं तेल. पण तेल थंडीत कडक व्हायचं, म्हणून पुढं मेण आलं. लोकरीला कुसळं चिकटतात, घट्ट विणीच्या कापडावरून घसरून जातात. त्यांच्या पँटला मांडीवर दुहेरी कापड असतं, तेही काट्यासाठीच.

तिसरं बूट. अमेरिकेत मेन राज्यातला लिऑन बीन ओल्या पायांना वैतागला. त्यानं खाली रबर, वर चामडं असा बूट शिवून घेतला आणि १९१२ साली शिकाऱ्यांना टपालानं विकायला काढला. पहिल्या १०० जोड्यांपैकी ९० परत आल्या, रबर चामड्यापासून सुटलं. गड्यानं सगळ्यांचे पैसे परत दिले, कर्ज काढून बूट सुधारला. बियाणं उगवलं नाही तर असं वागणारा भेटावा!

आणि पूर्ण रबराचा गमबूट? १८५३ साली हायरम हचिन्सन नावाच्या अमेरिकनानं फ्रान्समध्ये रबराच्या बुटांचा कारखाना टाकला. गिऱ्हाईक कोण, तर लाकडी खडावा घालून चिखलात राबणारे शेतकरी. शिकारी आणि साहेब नंतर आले. म्हणजे भाऊ हसत होता ते आपल्याच वस्तूला.

शेवटची गोष्ट रंगाची. तिकडं शिकारी पूर्वी लाल कपडे घालायचे. पण दिवस मावळताना लाल काळपट दिसतो, आणि माणसाला जनावर समजून गोळी लागायची. १९६० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये चाचण्या झाल्या, त्यात चमकता नारिंगी सगळ्यांत उठून दिसला. आता काही राज्यांत पक्ष्यांच्या शिकारीलाही तो सक्तीचा आहे. आपण रात्री ट्रॅक्टर, ट्रॉली, ऊसतोडीच्या गाड्यांमधून वावरतो ते काळ्या स्वेटरवर. रस्त्याच्या कामगाराचं नारिंगी जाकीट आपल्याला का नको?

ह्यातून मी एवढंच धरलं: कपडा कुणाचा दिसतो ते बघायचं नाही, कशापासून वाचवतो ते बघायचं. साप जास्त करून पायालाच चावतो. गुडघ्याखालपर्यंत गमबूट, हातात बॅटरी आणि काठी, घालण्याआधी बूट उलटा करून झटकणं. एवढं करूनही चावलाच तर बांधाबांध नको, कापाकापी नको, पाय हलवू न देता सरळ दवाखाना, लस तिथंच मिळते.

भाऊ आता दारं धरायला गमबूट घालून जातो. परवा बांधावर एक जण त्याला हसला. तो म्हणाला, "हस बाबा. अकरा दिवस मीबी हसलो नाही."

तुमच्याकडं रात्रीच्या पाण्याला काय घालून जाता? खाली लिहा.