मोटारसायकलची शाळा

आपल्यापैकी बहुतेकांना मोटारसायकल कोणी शिकवली? थोरल्या भावाने, मामाने, नाहीतर शेजारच्या मित्राने. जागा म्हणजे खळे, गायरान किंवा सुट्टीच्या दिवशी शाळेचे पटांगण. मलाही माझ्या मामांनी अशीच शिकवली. ‘क्लच हळू सोड’ असे ते सांगताहेत तोवर मी तो झटक्यात सोडला आणि गाडीसकट कडब्याच्या गंजीत जाऊन पडलो. लागले नाही. मामा हसले, गाडी उभी केली आणि त्यांनी एक कानमंत्र दिला : ‘पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. लावलास तर तोंडावर आपटशील.’ हा मंत्र मी पुष्कळ वर्षे पाळला. मामांची माया खरी होती. मंत्र मात्र चुकीचा होता. ही चूक माझ्या मामांचीच नव्हे, साऱ्या जगाची होती. तिचीच हकीकत आज सांगायची आहे.

१८८५ साली जर्मनीत कानस्टाट येथे गोटलीब डाइमलर आणि त्यांचे सहकारी विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्याच्या गाडीवर एक लहानसे इंजिन बसवले. त्या नोव्हेंबरात डाइमलरांचा मुलगा पाउल ती चालवत शेजारच्या गावापर्यंत गेला. मौज अशी, की या गाडीला दोन बाजूंना दोन छोटी आधाराची चाके होती. लहान मुलांच्या सायकलला असतात तशी. पुढे ती चाके गेली. १८९४ पासून मोटारसायकली कारखान्यात तयार होऊन विकल्या जाऊ लागल्या, वेग वाढत गेला. पण आधाराच्या चाकांची जागा घेईल असे शिक्षण मात्र सामान्य माणसाला फारसे मिळाले नाही. ‘सायकल येते ना, मग हीही येईल,’ असाच सगळीकडे समज होता.

सरकारांनी लक्ष घातले ते परीक्षेच्या वाटेने. ब्रिटनमध्ये १ जून १९३५ पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात परवान्यासाठी चाचणी होती, १९८८ च्या कायद्यातही ती आहे. पण गुरुजनहो, आपण जाणताच की परीक्षा म्हणजे शिक्षण नव्हे. परीक्षा आली, शाळा आली नाही. शिकवायचे काम मामा-काकांकडेच राहिले.

अमेरिकेत १९७३ साली मोटारसायकल कारखानदारांनी मिळून स्वारांच्या सुरक्षिततेसाठी एक संस्था स्थापन केली. नवशिक्यांसाठी धडे तयार झाले. याच दशकात लॉस एंजेलिस येथे हॅरी हर्ट या प्राध्यापकांनी मोठे काम हाती घेतले. अपघात झाला की त्यांची माणसे तिथे धावत जात, घसरल्याच्या खुणा मोजत, लोकांशी बोलत. अशा ९०० अपघातांचा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्यात आढळले, की अपघातात सापडलेल्या स्वारांपैकी ९२ टक्के स्वार स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. संकट दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत बहुधा दोन सेकंदही मिळत नसत. तेवढ्यात पुष्कळांनी काय केले? मागचा ब्रेक करकचून दाबला, चाक घसरवले आणि पुढचा ब्रेक मात्र पुरेसा वापरलाच नाही. म्हणजे माझ्या मामांचाच मंत्र!

हा मंत्र चुकीचा का, ते आपल्या रोजच्या अनुभवातून कळेल. एस.टी.ने अचानक ब्रेक लावला, की उभे उतारू पुढे ढकलले जातात. बैलगाडी उताराला लागली, की ओझे बैलांच्या मानेवर येते. मोटारसायकलचेही तसेच. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो, मागचे चाक हलके होते आणि घसरू लागते. म्हणून थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते. मात्र तो ब्रेक झटक्याने आवळायचा नाही. हँडल सरळ ठेवून, दोन्ही ब्रेक मिळून, दाब हळूहळू वाढवत जायचा. वाळूवर, खडीवर तर अधिकच जपून. हे कानात सांगून येत नाही. हाताला वळण लागावे लागते.

हे वळण लावण्यासाठीच शाळा. अमेरिकेतील नवशिक्यांच्या वर्गात आधी थोडे तास बैठकीचे, मग मोकळ्या मैदानावर लहान गाड्यांचा सराव. पहिल्या धड्यात गाडी सुरूसुद्धा करत नाहीत; कुठला दट्ट्या कशाचा, हे हाताला आधी पाठ व्हावे लागते. मग क्लच सोडताना गाडी नेमकी कुठे ओढ घेते, ते पुन्हा पुन्हा अनुभवायचे. नंतर वळणे, शेवटी एकदम थांबणे आणि अडथळा चुकवणे. ब्रिटनने १९९० च्या डिसेंबरात असे प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्यात डोळ्यांची तपासणी, मैदानातला सराव आणि मग शिक्षकासोबत किमान दोन तास खऱ्या रस्त्यावर. शिक्षकाचे समाधान झाले तरच दाखला.

शिक्षण घेतले म्हणजे अपघात टळलाच, असा दावा मी करणार नाही. त्यावर संशोधकांचेही एकमत नाही. अंगात आलेला फाजील विश्वास शिकलेल्यालाही घात करतो. हर्ट यांच्या अभ्यासात असेही दिसले, की मोटारीशी झालेल्या टकरींत पुष्कळदा चूक मोटारवाल्याची होती. समोरून येणारी मोटारसायकल त्याला दिसलीच नव्हती. पण समोरच्याची चूक आपल्या हातात नसते. आपला ब्रेक असतो.

तेव्हा पालकहो, परवान्याचे वय होण्याआधी पोराच्या हाती किल्ली देऊ नका. वय झाल्यावर द्याल, तेव्हा शिरस्त्राणही द्या आणि चार दिवस मोकळ्या मैदानावर नुसते थांबायला शिकवा. गुरुजनहो, वेग आणि भार यांचा धडा आला, की फळ्यावर मोटारसायकल काढा.

मामांची ती गाडी केव्हाच मोडीत गेली. गेल्या वर्षी माझा भाचा शिकायला आला. मी त्याला गावाबाहेरच्या मैदानावर नेले आणि पहिल्या दिवशी गाडी सुरूच करू दिली नाही. तो हिरमुसला. दुसऱ्या दिवशी त्याच्या हाताची दोन बोटे पुढच्या ब्रेकवर ठेवली आणि म्हटले, ‘याला भिऊ नकोस. याची ओळख करून घे.’