बँड मोडल्यावर आलेली रेकॉर्ड

शेलारमध्ये आमच्या घरामागे यंत्रमागांचा कारखाना आहे. त्या खटखटीत वाढलेल्या पोराला ड्रम वेगळे शिकवावे लागत नाहीत, असं मी कॉलेजात मित्रांना सांगायचो. इंजिनिअरिंगला आमचा चौघांचा बँड होता. अडीच वर्षं टिकला. प्लेसमेंट झाल्या, दोघं बंगळुरूला गेले, विषय संपला. रेकॉर्डिंग म्हणाल तर एक क्लिप, आणि तीही जुन्या फोनबरोबर गेली.

म्हणून असेल, पण मुंबईच्या 'ॲटॉमिक फॉरेस्ट'ची गोष्ट कळली तेव्हा ती डोक्यातून जाईना.

१९७०च्या आसपासची मुंबई डोळ्यांसमोर आणा. तिकडे लंडनमध्ये मार्क बोलन गालांवर चमकी लावून टीव्हीवर गात होता, ग्लॅम रॉकची हवा होती. इकडे परदेशी इलेक्ट्रिक गिटार मिळवायची म्हणजे आयातीचे निर्बंध, भरमसाट कर, नाहीतर परदेशातून येणारा एखादा ओळखीचा माणूस. तरीही पोरं वाजवत होती. कॉलेजचे कार्यक्रम होते, हॉटेलं होती, कुलाब्यात 'स्लिप डिस्क' नावाचा क्लब होता. १९७२मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट तिथे येऊन वाजवून गेले.

कीथ कांगा यांचा ॲटॉमिक फॉरेस्ट याच वातावरणातला. गायक होते मधुकर चंद्र धास. १९७४मध्ये अलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' मुंबईच्या रंगमंचावर आणलं, तेव्हा येशूची भूमिका धास यांनी केली. ज्यूडास झाले होते नंदू भेंडे, म्हणजे आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव. मराठी नाटकवाल्या घरातला मुलगा इंग्रजी रॉक गात होता, आणि पुढे १९७८मध्ये पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त तोच रॉक मराठी रंगभूमीवर घेऊन आला.

ॲटॉमिक फॉरेस्टला असा पूल सापडला नाही. लोकांना ऐकायचे होते जिमी हेंड्रिक्स आणि डीप पर्पल, तेही हुबेहूब. स्वतःचं गाणं वाजवायला जागा कमी, छापायला कंपन्या नाखूश. बँडचा एकच अल्बम निघाला, 'ऑब्सेशन ७७'. नावात ७७ असलेला हा अल्बम बाजारात आला १९८१मध्ये. तोपर्यंत बँडच उरला नव्हता. शिवाय १९८१ हे नाझिया हसनच्या 'डिस्को दीवाने'चं वर्ष. घरोघरी डिस्को वाजत असताना मोडलेल्या बँडचा फंक आणि रॉक कोण विकत घेणार?

आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो, रिलीज झालं नाही म्हणजे काम झालंच नाही. मीही हे ज्युनिअर पोरांना ऐकवतो. या अल्बमपाशी मात्र ते वाक्य अडतं. उशिरा, चुकीच्या वर्षी, कुणी वाट बघत नसताना का होईना, ती रेकॉर्ड निघाली. म्हणून तीस वर्षांनी, २०११मध्ये, अमेरिकेतल्या 'नाउ-अगेन' या कंपनीला ती पुन्हा काढता आली. म्हणूनच शेलारमध्ये बसून मी ती हेडफोनवर ऐकू शकलो. त्या काळात आपल्याकडे कितीतरी बँड होऊन गेले. त्यातल्या अनेकांचं काहीच छापलं गेलं नाही. ते चांगले होते की वाईट, हे आता ठरवताही येत नाही. वाईट ठरण्याचा हक्कसुद्धा रेकॉर्डिंग असणाऱ्यालाच मिळतो.

परवा रात्री आमच्या जुन्या ग्रुपवर विचारलं, कुणाकडे काही आहे का? दोन निळ्या टिका आल्या, मग बराच वेळ काही नाही. शेवटी बेसवाल्याचा मेसेज आला : जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक प्रॅक्टिस असेल, पण आवाज घाण आहे.

मी लिहिलं, तसाच पाठव.